दोन चालक, एक ट्रक: अमेरिकेतल्या टीम ड्रायव्हिंगची पार्श्वभूमी

अमेरिकेत १९५३ पूर्वी ट्रकमध्ये बसवलेला स्लीपर बर्थ, म्हणजे चालकाची झोपायची जागा, १८ इंच रुंद असला तरी नियमात बसत असे. १८ इंच म्हणजे जेमतेम खांदे मावतील एवढी फळी. पुढे ही किमान रुंदी २१ इंच झाली आणि १९७५ नंतर २४. टीम ड्रायव्हिंग म्हणजे एकाच ट्रकवर दोन चालक: एक चालवतो तेव्हा दुसरा झोपतो. आज एखाद्या मोठ्या ट्रक कंपनीत नव्याने लागलेला टीम ड्रायव्हर ज्या केबिनमध्ये चढतो, तिथे एकावर एक दोन बंक (झोपायच्या फळ्या) असतात, छोटा फ्रिज असतो. मात्र त्याला झोपायचं असतं ते चालत्या ट्रकमध्ये, आणि तेव्हा स्टीअरिंगवर बसलेल्या माणसाशी त्याची महिन्याभरापूर्वी ओळखही नसते. ही पद्धत कशी रुजली हे पाहिल्याशिवाय या नोकरीतला थकवा कळत नाही, आणि पगाराचा हिशेबही लागत नाही.

१९३५ च्या मोटर कॅरिअर कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी ट्रक वाहतूक इंटरस्टेट कॉमर्स कमिशन या केंद्रीय नियामक आयोगाच्या अखत्यारीत आणली. चालकाने सलग किती तास चालवावं याची देशभर लागू होणारी मर्यादा त्यानंतर, १९३७-३८ मध्ये आली. २४ तासांत १० तास ड्रायव्हिंग आणि सात दिवसांत ६० तास काम. ही मर्यादा चालकाला होती, गाडीला नव्हती. दहा तास झाले की चालकाने स्टीअरिंग सोडायचं, पण ट्रकने थांबायचं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. स्लीपर बर्थमध्ये काढलेला वेळ विश्रांतीत धरला जाई, मग ट्रक उभा असो वा धावता. टीम ड्रायव्हिंगचं सगळं गणित या एका फटीतून उगवलं आहे. २००४ पासून चालकाला १० तासांच्या विश्रांतीनंतर ११ तास चालवता येतं, म्हणजे दोघांचे मिळून दिवसाला २२ तास होतात. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क हे साधारण साडेचार हजार किलोमीटर अंतर एकट्या चालकाला पाच दिवसांचं आहे. टीम ते तीन दिवसांच्या आत कापते.

आपल्याकडेही नॅशनल परमिटच्या ट्रकवर दोन चालक हवेत आणि दुसऱ्याला पाय पसरून झोपता येईल अशी जागा सीटमागे हवी, असा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत होता. दोन चालकांची सक्ती २०१८ मध्ये काढली गेली. प्रत्यक्षात आपल्या रस्त्यांवर दुसरा माणूस बहुतेकदा क्लीनरच असे, हे वाचकांना सांगायला नको.

‘टीम’ हा शब्दही या धंद्यात ट्रकच्या आधीपासून आहे. तेव्हा टीम म्हणजे गाडीला जुंपलेली घोड्यांची जोडी, आणि ती हाकणारा तो टीमस्टर. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या टीमस्टर्स युनियनच्या चिन्हात आजही दोन घोड्यांची तोंडं आणि चाक आहे. या युनियनने १९६४ मध्ये जिमी हॉफाच्या नेतृत्वाखाली देशभरासाठी एकच वेतन करार करून घेतला. त्यात चार लाखांहून जास्त कामगार आले. लांब पल्ल्याचा चालक तेव्हा चांगल्या पगाराचा माणूस मानला जाई.

दरम्यान रस्ते बदलले. १९१९ मध्ये लष्कराचा मोटार ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, त्याला ६२ दिवस लागले. त्या ताफ्यातला एक तरुण अधिकारी म्हणजे आयझेनहॉवर. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनीच इंटरस्टेट महामार्गांच्या कायद्यावर सही केली. १९८२ च्या एका कायद्याने इंटरस्टेटवर ट्रॅक्टर-ट्रेलरच्या एकूण लांबीवरची बंधनं उठवली. तोवर लांबी वाचवायला केबिन इंजिनावर बसवत. आता लांब नाकाचे ट्रक परवडू लागले आणि स्लीपरला खोलीसारखी जागा मिळाली.

खरी कलाटणी मात्र १९८० ची. त्याआधी कोणत्या मार्गावर कोणता माल न्यायचा, याचा परवाना कमिशनकडून घ्यावा लागे आणि दर ठरलेले असत. १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या मोटर कॅरिअर कायद्यावर सही करून ही बंधनं सैल केली. पुढच्या दहा वर्षांत परवानाधारक कंपन्या दुपटीहून अधिक झाल्या. दर पडले, जुन्या युनियनवाल्या कंपन्यांपैकी कित्येक बुडाल्या. श्नायडर, वर्नर, जे. बी. हंट, स्विफ्ट या ट्रक कंपन्या आधीपासून होत्या, पण त्या अवाढव्य झाल्या त्या या मोकळ्या बाजारात. ग्राहकांना भाडं कमी झालं, हे खरं. त्याची किंमत प्रामुख्याने चालकांनी मोजली असं माझं मत आहे. पगार मैलावर, आणि १९३८ च्या श्रम कायद्यातल्या अपवादामुळे ओव्हरटाइम नाही. गोदामाच्या दारात तासन्‌तास ताटकळलं तर त्याचे पैसे अनेकदा मिळतच नाहीत. टीममध्ये तर ट्रकचे मैल दोघांत वाटले जातात. आठवड्याला ५,००० मैल झाले, तर प्रत्येकाच्या नावावर २,५०० च.

अशा नोकरीत माणसं टिकेनात. मोठ्या ट्रकलोड कंपन्यांत (एका ग्राहकाचा ट्रकभर माल नेणाऱ्या) वर्षाला नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण कित्येक वर्षं ९० टक्क्यांच्या वर राहिलं, काही वर्षी शंभरच्याही. १९८६ च्या कायद्याने व्यावसायिक लायसन्स आणलं आणि एप्रिल १९९२ पासून ते सर्वांना सक्तीचं झालं. लायसन्स म्हणजे शाळा, शाळा म्हणजे फी. मग कंपन्यांनीच शाळा काढल्या किंवा फी भरायला सुरुवात केली. अट एकच: अमुक महिने आमच्याकडे काम करा, आधी सोडलंत तर हजारो डॉलर परत द्या. लायसन्स मिळाल्यावर काही आठवडे ट्रेनरसोबत. कित्येक कंपन्यांत तेव्हाच ट्रक टीमसारखा पळवला जातो. स्टुडंट चालवतो, ट्रेनर मागे झोपतो. कालचा विद्यार्थी रात्री दोन वाजता वायोमिंगच्या बर्फात एकटा जागा असतो, आणि त्याला शिकवणारा पडद्यामागे.

नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ टीममध्ये असले तर हेच काम जमून जातं. अनोळखी माणसांची मोट बांधली की अडचणी निराळ्या. २००७ मध्ये समान रोजगार संधी आयोगाने आयोवा राज्यातल्या सीआरएसटी या ट्रक कंपनीवर खटला भरला. ट्रेनर आणि सहचालकांनी लैंगिक छळ केल्याच्या अनेक महिला चालकांच्या तक्रारी त्यात होत्या. आयोगाने आधी नीट चौकशी केली नाही, समेटाचा प्रयत्न केला नाही, या कारणाने त्यातले बरेच दावे बाद झाले. वकिलांच्या खर्चाचा वाद २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. दार लावून निघून जाता येईल अशी जागाच ट्रकमध्ये नसते, हा प्रश्न कोर्टाच्या निकालाने सुटण्यासारखा नव्हता.

झोपेचं काय? व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रकमध्ये उपकरणं बसवून हे तपासलं. चालत्या ट्रकमधली झोप कमी प्रतीची निघाली. तरीही पेंगुळलेल्या अवस्थेत गाडी ओढत राहण्याचे प्रसंग एकट्या चालकांत जास्त दिसले. टीममधल्या माणसाला ‘आता तू घे’ म्हणता येतं. टीम पद्धतीच्या बाजूने मला सर्वांत पटणारा मुद्दा हाच आहे.

डिसेंबर २०१७ पासून चालकाच्या तासांची नोंद ठेवणाऱ्या कागदी लॉगबुकची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने घेतली. कागदावर तास इकडचे तिकडे करता येत, आता इंजिन सुरू झालं की नोंद होते. फेब्रुवारी २०२२ पासून नवशिक्यांच्या प्रशिक्षणाचे केंद्रीय नियम लागू झाले. त्यांत स्टीअरिंगवर किमान किती तास घालवायचे, हे ठरवलेलं नाही. शाळेतल्या शिक्षकाला दोन वर्षांचा अनुभव लागतो. लायसन्सनंतर कंपनीच्या ट्रकमध्ये नव्या चालकाच्या मागे झोपणाऱ्या ट्रेनरला हा नियम लागू नाही.