एक वर्ष की दोन: बी.एड.च्या मुदतीची पार्श्वभूमी

2025च्या सुरुवातीला शिक्षक-प्रशिक्षणाच्या नव्या नियमावलीचा मसुदा जाहीर झाला आणि ‘एक वर्षाचं बी.एड. परत येणार’ ही बातमी सगळीकडे फिरली. सवलत सरसकट नव्हती. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांपुरतीच ती होती, आणि 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तसं आधीच लिहिलेलं होतं. तीन वर्षांत बी.ए., बी.एस्सी. झालेल्यांची दोन वर्षं काही चुकत नाहीत.

मुळात हा अभ्यासक्रम दीर्घकाळ एकाच वर्षाचा होता. मुंबईत 1906 मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी सरकारी महाविद्यालय निघालं, पुण्यात 1941 मध्ये खाजगी प्रयत्नातून. तेव्हा या पदवीचं नाव बी.टी. त्या काळातून जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावाची पंचपदी, म्हणजे पाठ घेण्याच्या पाच पायऱ्या, आपल्याकडे आली ती मुक्कामालाच. तिची छाप पाठ टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याच्या, रकान्यांवर अजून दिसते. 1964-66च्या शिक्षण आयोगाने पदवीधरांसाठी एक वर्षाचीच मुदत ठेवली, मात्र कामाचे दिवस 230 असावेत असं सुचवलं. प्रशिक्षण महाविद्यालयं शाळांपासून तुटून पडली आहेत, ही त्याच आयोगाची तक्रार पुढे प्रत्येक अहवालात निघत राहिली.

एक वर्षाच्या बी.एड.मध्ये दमछाक होती, हे ज्यांनी ते केलं त्यांना सांगायला नको. प्रवेश लांबले की वर्षाचे आठ-नऊ महिनेच हाती उरत. तेवढ्यात सूक्ष्म अध्यापन (एकेका कौशल्याचे छोटे पाठ), सेतुपाठ (ती कौशल्यं जोडणारे पाठ), शाळेतले सराव पाठ, छात्रसेवाकाल (शाळेत सलग काम) आणि शेवटी परीक्षेचा वार्षिक पाठ. टाचण आदल्या दिवशी त्या विषयाच्या अध्यापन पद्धतीच्या प्राध्यापकांकडून तपासून, सही घेऊनच वर्गावर जायचं. मागच्या बाकावर दोन-तीन सहाध्यायी निरीक्षण वही घेऊन बसलेले. पस्तीस मिनिटांच्या तासात प्रस्तावनेचे प्रश्न, हेतुकथन, तक्ता, फलकलेखन, स्वाध्याय, सगळं बसवायचं. नववीच्या मुलांनाही हा खेळ पाठ झालेला असे: ‘आज आपण कोणता घटक शिकणार?’ असं विचारलं की पाठ सुरू व्हायच्या आधीच उत्तर तयार. पाठ छान व्हायचा, पण त्या वर्गाची जबाबदारी छात्राध्यापकावर, म्हणजे बी.एड. करणाऱ्या या शिकाऊ शिक्षकावर, कधी पडत नसे. दुसऱ्या दिवशी तिथे कोणी दुसराच पाठ घेई.

मुदत वाढवण्याची मागणी या अनुभवातून आली, तरी निर्णयाला रेटा मिळाला तो दुसऱ्याच कारणाने. नव्वदीपासून विनाअनुदानित महाविद्यालयांचं पीक आलं. 1993च्या कायद्याने राष्ट्रीय नियामक परिषदेला शिक्षक-प्रशिक्षण संस्थांच्या मान्यतेचे अधिकार मिळाले, पण तिच्या हाताखालीच मान्यता वाटल्या गेल्या. 2008 मध्ये राज्याचा विरोध असताना परिषदेच्या विभागीय समितीने महाराष्ट्रात जवळपास तीनशे डी.एड. संस्थांना मान्यता दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथून एक आयोग नेमला गेला. म्हणजे वाद महाराष्ट्रातला, तोही प्राथमिकच्या पदविकेचा, आणि त्यातून 2012 मध्ये आलेल्या अहवालाने देशभरच्या माध्यमिक शिक्षकांच्या अभ्यासक्रमाची दिशा बदलली. डिसेंबर 2014च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं केलं. 2015च्या प्रवेशापासून ते लागू झालं.

रोग मान्यतेच्या बाजाराचा होता, औषध मात्र मुदतीचं मिळालं. फी दुपटीच्या घरात गेली, नोकरीची खात्री तीच राहिली. 2012 नंतर राज्यात शिक्षक भरती जवळजवळ थांबलेली असताना दोन वर्षं घालवायला कोण येणार? पहिली काही वर्षं कित्येक महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहिल्या. पुढे राज्याच्या पवित्र या शिक्षक भरती पोर्टलवरून भरतीची आशा दिसली तशी गर्दी पुन्हा वाढली. अभ्यासक्रमाच्या गुणवत्तेशी त्या चढउताराचा संबंध फारसा नव्हता.

तरी दोन वर्षांच्या बाजूने एक गोष्ट खरी होती: शाळेत वीस आठवडे. चार पहिल्या वर्षी, सोळा दुसऱ्या वर्षी. सोळा आठवड्यांत छात्राध्यापकाला एखादी घटक चाचणी घेऊन पेपर तपासायला मिळतात, पालकसभा दिसते, आणि आपण शिकवलेलं पोरांना किती कळलं हे त्यांच्याच उत्तरपत्रिकेत वाचायला मिळतं. सराव पाठांत यातलं काही नव्हतं.

पण शाळेचं काय? हजारापर्यंत पट असलेल्या शाळेत शक्यतो दहाच छात्राध्यापक पाठवावेत, अशी नियमांची अपेक्षा. शंभर प्रवेशक्षमतेच्या महाविद्यालयाला म्हणजे अशा दहा शाळा हव्यात. तालुक्याच्या गावी त्या मिळणं अवघड, म्हणून जिथे ओळख तिथे पंचवीस-तीस जणांची तुकडी जाते. दहावीचा वर्ग सहसा मिळत नाही, बोर्डाचा पोर्शन राहील या भीतीने. आठवी-नववी, ऑफ तास, परीक्षेचं पर्यवेक्षण, स्नेहसंमेलनाची धावपळ एवढं वाट्याला येतं. मार्गदर्शक शिक्षकाला या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि त्याचे तासही कमी होत नाहीत. छात्राध्यापक आले की काही शिक्षकांना हायसं वाटतं ते वेगळ्याच कारणाने. 2014च्या चर्चेत वर्षं आणि आठवडे मोजले गेले, शाळेला काय द्यायचं हा मुद्दा मागेच राहिला.

पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम 1963 पासून काही केंद्रीय प्रादेशिक महाविद्यालयांत चालत आलेला. नव्या रूपात तो 2023-24 पासून निवडक संस्थांत सुरू झाला, आणि 2030 पर्यंत तीच किमान पात्रता व्हावी असं धोरण सांगतं. मसुदा तसाच लागू झाला तर मधल्या काळात एक, दोन आणि चार वर्षांचे छात्राध्यापक एकाच स्टाफरूममध्ये येतील. त्यांना तास वाटून देण्याचं काम पर्यवेक्षकांकडेच राहील.