आधी घर दाखव!

पाऊस सुरू झाला की सुगरण पक्ष्याच्या नराच्या डोक्यावर पिवळाधमक रंग चढतो आणि तो कामाला लागतो. गवताच्या, भाताच्या पात्याला चोचीने खाच पाडायची, लांब पट्टी सोलून काढायची आणि शिंदीच्या नाहीतर बाभळीच्या टोकाशी नेऊन विणायची. एका खोप्यासाठी अशा शेकडो खेपा होतात. साधारण 8 दिवसांत हेल्मेटच्या आकाराचा अर्धा खोपा तयार होतो, आणि इथे तो हात आखडता घेतो. पुढचं बांधकाम होकार मिळाल्यावर.

माद्या आल्या की वसाहतीतले सगळे नर आपापल्या खोप्याला लटकून पंख फडफडवतात, कलकलाट करतात. मादी सहजासहजी भाव देत नाही. आत शिरते, पाहते, शेजारच्या खोप्यात जाते, तिथूनही उडते. त्याचं आर्जव चालूच राहतं. बरेच अर्धे खोपे शेवटपर्यंत तसेच राहतात आणि नर नव्याने विणायला घेतो.

ही मादी गर्विष्ठ वाटते खरी, पण तिचा हिशेब चोख आहे. खोपा किती सुबक विणलाय यापेक्षा तो कुठे बांधलाय, याला ती जास्त महत्त्व देते, असं या पक्ष्यांच्या अभ्यासातून दिसलं आहे. झाडावर उंच आहे का, फांदी भक्कम आहे का, झाड काटेरी आहे का? साप आणि वादळवारा यांच्यापासून पिल्लं वाचणार ती या गोष्टींमुळे. माझ्या मते कारागिरीपेक्षा जागेला मोल देण्यात तिचं शहाणपण आहे.

इतकी पारख कशाला, याचं उत्तर पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला शोधलं. नोकरी नसलेल्या त्या काळात ते घराजवळच्या वसाहतीवर तासन् तास नजर ठेवून होते. मादीने खोपा पसंत केला की नर खाली लोंबणारी नळी विणून तो पूर्ण करतो. मादी आत अंडी घालते, आणि हा पठ्ठ्या लगेच दुसरा खोपा बांधून दुसऱ्या मादीची मनधरणी सुरू करतो. एका हंगामात त्याचे असे अनेक संसार होऊ शकतात. अंडी उबवण्याचं काम मादीचं, पिल्लांना भरवण्याचा भारही बहुतेक तिच्यावरच. नराकडून तिला खात्रीने मिळतं ते एवढं घर. म्हणून ते ती आधीच नीट तपासून घेते.