बोहारीण, साड्या आणि मालकीची किंमत

दारात बोहारीण बसली की तासभर घासाघीस ठरलेली. आई पाच साड्या आणि बाबांच्या दोन पँटी पुढ्यात टाकून मोठं पातेलं मागायची. बोहारीण साडी उजेडात धरायची, विरलेला भाग दाखवायची आणि पातेलं मागे घेऊन डबा पुढे सरकवायची. "अगं, जरीचा काठ तरी बघ!" आई म्हणायची. त्या साड्या कित्येक वर्षं ट्रंकेबाहेर आल्या नव्हत्या, पण द्यायची वेळ आली की त्यांचा भाव चढायचा.

याला अर्थशास्त्रात नाव आहे, एंडोमेंट इफेक्ट. रिचर्ड थेलर यांनी ते १९८० मध्ये दिलं. पुढे १९९० मध्ये त्यांनी, डॅनियल कानेमन आणि जॅक क्नेच यांनी विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना साधा कॉफीचा मग दिला आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांना मग दिला नव्हता त्यांना विचारलं, कितीला घ्याल? एका प्रयोगात विकणाऱ्यांनी सात डॉलरच्या आसपास किंमत सांगितली, घेणारे तीन डॉलरही द्यायला तयार नव्हते. वस्तू तीच, फक्त काही मिनिटांची मालकी मध्ये आली होती. मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख मोठं वाटतं, हे त्यामागचं कारण.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत सकाळी माळ्यावरून उतरलेला पसारा संध्याकाळी पुन्हा माळ्यावर जातो. "टाकू का?" असं विचारलं की आपण विकणारे बनतो. "हीच वस्तू आज दुकानात दिसली तर घेईन का?" असं विचारावं.

बोहारीण मात्र या फेऱ्यात अडकत नसे. अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट यांनी २००३ मध्ये खेळाडूंचे फोटो असलेल्या, हौशी लोक जमवतात त्या कार्डांच्या बाजारात पाहिलं, की मुरलेल्या व्यापाऱ्यांमध्ये हा परिणाम जवळपास दिसतच नाही. रोज देणंघेणं करणाऱ्याला वस्तू हातातून जाण्याची सवय होते.

आठवणींच्या वस्तूंचं दुखणं वेगळं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत संशोधकांनी दोन प्रकारचं आवाहन केलं. काही ठिकाणी नुसतं "वस्तू दान करा", तर काही ठिकाणी "आधी फोटो काढा, मग द्या". फोटोवाल्या वसतिगृहांतून ६१३ वस्तू आल्या, बाकीच्यांतून ५३३. अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तू सोडवत नाही, कारण तिच्यासोबत आठवणही जाईल अशी भीती असते.

आईच्या डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीचा मी फोटो काढला, पदराचा जवळून एक वेगळा, आणि साडी दिली. आजीचं नाव घातलेला पितळी डबा मात्र दिला नाही. चिंचेनं घासला, नावातला 'इं' पुन्हा वाचता आला. आता त्यात पोहे असतात.