धोकादायक रसायनांची साइट नोटिफिकेशन फाइल : कुणाला लागते, कागद कोणते आणि परत का येते

माहुल-चेंबूर, ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा. या भागातल्या क्लोरीन, अमोनिया किंवा सॉल्व्हंट वापरणाऱ्या मध्यम कारखान्यांची एक तक्रार नेहमीची आहे : सगळे कागद जोडले, तरी फाइल परत आली. फाइल उघडून पाहिलं की बहुतेक वेळा कागद पुरे असतात. चुकलेली असते ती साठ्याची मोजणी, आणि तिच्यामुळे पुढचं सगळंच.

ही फाइल म्हणजे आवारात कोणती धोकादायक रसायनं जास्तीत जास्त किती ठेवणार याची लेखी सूचना. ती 'धोकादायक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात नियम, १९८९' याखाली औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली, म्हणून हे नियमही गेले असा समज काही जणांनी करून घेतला आहे. तो चुकीचा आहे. १९८९ चे नियम पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खालचे आहेत. कारखाने कायद्याच्या जागी संहिता आली म्हणून त्यांना धक्का लागत नाही.

पात्रता ठरते साठ्यावरून. नियमांच्या अनुसूचीत अनेक रसायनांपुढे साठ्याच्या मर्यादेचे दोन आकडे आहेत. क्लोरीनचे १० टन आणि २५ टन. १० टनांपासून साइटची सूचना आणि कारखान्याचा आपत्कालीन आराखडा लागतो. २५ टनांपासून त्यावर सविस्तर सुरक्षा अहवाल आणि त्रयस्थ तज्ज्ञाकडून सुरक्षा ऑडिटही लागतं.

आता नेमकी चूक कुठे होते ते पाहा. क्लोरीनच्या एका टनरमध्ये, म्हणजे मोठ्या आडव्या सिलिंडरमध्ये, ९०० किलो माल असतो. अकरा टनर म्हणजे ९.९ टन, बारा म्हणजे १०.८ टन. महिन्याची सरासरी काढून 'आमच्याकडे आठ-नऊच असतात' असं लिहून देणारे पुष्कळ आहेत. नियम सरासरी विचारत नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती साठा असू शकतो ते विचारतो. गणपती-दिवाळीआधी गाड्या मिळणार नाहीत म्हणून चार टनर जास्तीचे मागवले, तर तोच तुमचा आकडा. हेडरला (वायू पुढे नेणाऱ्या मुख्य पाइपला) जोडलेले टनर, शेडमधले आणि फाटकाच्या आत उतरायचे राहिलेले, सगळे धरा. एकाच मालकीचे दोन प्लॉट ५०० मीटरच्या आत असतील, तर दोन्हीकडचा साठा एकत्र मोजला जातो. मधे रस्ता आहे, वीजमीटर वेगळं आहे, ही कारणं चालत नाहीत.

रिकाम्या टनरचं वजन या बेरजेत येत नाही, पण त्यांची नोंदवही ठेवाच. 'रिकाम्या' टनरमध्ये थोडा वायू दाबाखाली उरतोच. २०१० च्या जुलैत शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरावर लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. परत न पाठवलेला टनर गंजत पडू देऊ नका.

मुदतीचं वाचनही असंच चुकतं. सूचना काम सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी द्यायची आहे. 'काम सुरू' म्हणजे उत्पादन सुरू, असं धरून लोक ट्रायलच्या आदल्या महिन्यात फाइल घेऊन येतात. नियमांच्या व्याख्येत आवारातली साठवणही कामच आहे. तीन महिने मोजायचे ते माल आवारात येणार त्या दिवसापासून मागे. सुरक्षा अहवाल लागत असेल तर तो किमान ९० दिवस आधी.

कागदांकडे वळू. नाव-पत्ता, क्षेत्रफळ, कामगारसंख्या, प्रक्रियेचं वर्णन, प्रत्येक रसायनाचा कमाल साठा हे सरळ आहे. एमएसडीएसवरचा (रसायनाच्या सुरक्षा-माहितीपत्रकावरचा) कॅस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, मात्र तुमच्या स्टोअरच्या नोंदीशी ताडून पाहा; क्लोरीनचा ७७८२-५०-५ आहे. व्यापाऱ्याने इंटरनेटवरून काढून दिलेली एमएसडीएस पुष्कळदा दुसऱ्याच तीव्रतेच्या किंवा दुसऱ्याच मिश्रणाची असते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली क्षमता, परवान्यातली क्षमता आणि या अर्जातला साठा एकमेकांशी सुसंगत हवा. तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला अर्धा तास लागतो. तो वाचवला की दोन महिने जातात.

सही कुणाची, हा दुसरा अडथळा. कंपनी असेल तर भोगवटादार, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेली व्यक्ती, म्हणून संचालकच लागतो. सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलेलं आहे. फॅक्टरी मॅनेजरच्या सहीने आलेला अर्ज अडकतो. संचालक मंडळाचा ठराव आधीच करून ठेवा. संचालक बदलला असेल तर जुना ठराव जोडू नका.

आणि कुणाकडेच धड नसणारा कागद म्हणजे परिसराचा नकाशा. प्लॉटचा मंजूर नकाशा सगळ्यांकडे असतो. इथे त्याच्याबरोबर अपघात झाला तर कुठपर्यंतचा भाग बाधित होईल आणि तिथे वस्ती कशी आहे, हेही प्रमाणबद्ध नकाशावर दाखवायचं असतं. मोबाइलवरच्या नकाशाचं छायाचित्र त्यासाठी चालणार नाही. मुंबईत दहा वर्षांपूर्वीचा नकाशाही निरुपयोगी आहे, कारण तेव्हाच्या मोकळ्या जागेत आज कंपाउंड भिंतीला लागून घरं आहेत. शाळा, दवाखाना, रेल्वे स्टेशन, रात्री किती लोक झोपायला असतात, हे पायी फिरून नोंदवा. हा भाग सल्लागारावर सोडू नये. त्या घरांतली माणसं तुमची शेजारी आहेत.

आपत्कालीन आराखडा अनेकदा दुसऱ्या कारखान्याचा उचललेला असतो आणि पहिल्या पानावरच कळतं. सुरक्षेची जबाबदारी कुणावर आणि आणीबाणीत निर्णय घ्यायचा अधिकार कुणाला, ही नावं त्यात हवीत. फक्त जनरल शिफ्टची नावं असली की पहिला प्रश्न येतो : रात्री तीन वाजता कोण? तिन्ही पाळ्यांची नावं लिहा.

आणीबाणीत सगळ्यांनी जमण्याची जागा एकच दाखवणं ही सर्वांत घातक चूक. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीच पट जड. तो जमिनीलगत, गटारांतून, तळघरातून वाऱ्याबरोबर सरकतो. पावसाळ्यात इथे वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात बराच वेळ उत्तर-ईशान्येकडून. जूनमध्ये सुरक्षित असलेली जागा जानेवारीत वायूच्या वाटेवर येते. विरुद्ध दिशांना दोन जागा ठेवा आणि सगळ्यांना दिसेल असा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) उंचावर लावा.

गळतीवरची कृतीही तुमच्या साहित्याशी जुळणारी लिहा. गळणाऱ्या टनरवर पाणी मारू नये : ओला क्लोरीन धातू खातो आणि भोक मोठं होतं. टनर फिरवून गळतीचं तोंड वर आणायचं, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर येतो आणि गळती कितीतरी कमी होते. क्लोरीन निकामी करणाऱ्या कॉस्टिक सोड्याचा साठा लिहिताना हिशेब करा. एक किलो क्लोरीनला साधारण १.१३ किलो कॉस्टिक लागतं, म्हणजे पूर्ण टनर निकामी करायला एक टनावर. आराखड्यात 'कॉस्टिकचा हौद उपलब्ध' आणि प्रत्यक्षात २०० किलो, हे तपासणीत लगेच उघडं पडतं.

मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी, लेखी अहवालासह. सकाळी अकराला, सगळ्यांना आधी सांगून केलेल्या ड्रिलच्या अहवालात उणीव एकही नसते, आणि अधिकाऱ्याला तेच खटकतं. वर्षातली एक रात्रपाळीत करा. कुणाला मास्क सापडला नाही, शेजारच्या कारखान्याला फोन लागायला किती मिनिटं गेली, हे जसंच्या तसं लिहा.

२५ टनांवरच्यांसाठी : ऑडिट पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत अहवाल पाठवायचा असतो, तोही भोगवटादाराच्या अभिप्रायासह. हा अभिप्राय राहून जातो. ऑडिटरच्या प्रत्येक शिफारशीपुढे काय करणार, कधीपर्यंत आणि कोण, हे लिहून सही करा. असं ऑडिट दरवर्षी नव्याने करायचं आहे.

मंजुरीनंतर कमाल साठा वाढला किंवा घटला, तर लगेच सुधारित अहवाल द्यावा लागतो. पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबता येत नाही. मोठा अपघात झाल्यास कळवायला ४८ तासांची जी मर्यादा आहे ती शेवटची आहे. फोन पहिल्याच तासात करा, तपशिलाचा अहवाल मागून देता येतो.