ब्लूटूथला भिंत दिसत नाही

कोरोनाच्या साथीत कॉन्टॅक्ट ट्रेसिंग ॲप आली होती, कोण कोणाच्या जवळ होतं हे ब्लूटूथवरून नोंदवणारी. समजा अशा ॲपचा फोनवर मेसेज आला की तुम्ही पॉझिटिव्ह माणसाच्या जवळ १५ मिनिटं होतात, आणि तो माणूस निघाला भिंतीपलीकडचा शेजारी, ज्याचं तोंडसुद्धा तुम्ही आठवडाभर पाहिलेलं नाही. फोनचं चुकलं असं नाही हां, त्याला फक्त सिग्नल कळतो. ब्लूटूथचा सिग्नल जोरात आला की माणूस जवळ, क्षीण आला की लांब, एवढाच त्याचा हिशोब. पण आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणी आणि पाणी हा सिग्नल शोषून घेतं, त्यामुळे फोन मागच्या खिशात असला तर समोर बसलेला माणूसही लांबचा वाटतो, उलट ट्राममध्ये धातूवर आपटून सिग्नल कुठूनही कुठेही जातो. त्यात दोघांकडेही ॲप पाहिजे. निम्म्या लोकांकडे असलं तरी दोघांकडेही असण्याची शक्यता २५ टक्केच.

मग हे सगळं फुकटच का? तर नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या ॲपचा अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, त्यात २०२० च्या शेवटच्या तीन महिन्यांत साधारण २,८४,००० ते ५,९४,००० केसेस टळल्या असा अंदाज निघाला. अंदाजच आहे, रेंजही मोठी आहे, पण शून्य नक्कीच नाही.

आता कायद्याचं. लोकांना वाटतं की उपयोग होतो का हे डॉक्टरांनी बघायचं आणि कायदेशीर आहे का हे वकिलांनी, पण प्रायव्हसीच्या कायद्यात हा प्रश्न बराचसा एकच असतो, कारण तिथे विचारतात की कायद्याचा आधार आहे का, गरज आहे का, आणि जेवढं घेताय तेवढा फायदा होतोय का. नॉर्वेचं ॲप लोकेशन गोळा करून एका सर्व्हरवर ठेवत होतं. जून २०२० मध्ये तिथे साथ ओसरलेली, वापरणारेही कमी, तेव्हा डेटा संरक्षण प्राधिकरणाने आक्षेप घेतला आणि आरोग्य संस्थेला गोळा केलेला डेटा पुसावा लागला. इस्रायलमध्ये तर गुप्तचर संस्थाच रुग्णांचे फोन ट्रॅक करत होती, एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे चालू ठेवायचं तर संसदेत कायदा करा.

सिंगापूरची गोष्ट मला जास्त खटकते. ॲपचा डेटा फक्त ट्रेसिंगसाठी असं आधी सांगितलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये कळलं की पोलीसही तो मागू शकतात, एका खुनाच्या तपासात मागितलाही होता. लोक भडकले, मग फेब्रुवारीत घाईने कायदा करून ७ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा घातली. गूगल आणि ॲपलने अशा ॲपसाठी बनवलेल्या सिस्टिममध्ये ही भानगडच नव्हती, कारण फोन दर थोड्या मिनिटांनी बदलणारे रँडम कोड सोडायचा आणि कोण कोणाला भेटलं हे फोनमध्येच राहायचं, सर्व्हरला पत्ताच नसायचा, म्हणजे पोलिसांनी मागितलं तरी द्यायला काही नव्हतं.

आणि साथीवर फोनशिवायही पाळत ठेवता येते. सांडपाण्यात विषाणूचे अंश सापडतात, बरेचदा केसेस वाढायच्या आधीच, आणि त्यावर कुणाचं नाव नसतं. अर्थात पाइप कुठला यावर आहे ते, एकाच इमारतीचा असला तर माणसांपर्यंत पोचता येतं. ऑगस्ट २०२० मध्ये ॲरिझोना युनिव्हर्सिटीने एका होस्टेलच्या सांडपाण्यात विषाणू सापडल्यावर तिथल्या ३११ जणांची टेस्ट केली आणि दोघं पॉझिटिव्ह निघाले, दोघांनाही तेव्हा काहीच त्रास होत नव्हता.