सिकलसेलचा नवा उपचार आणि ‘दुरुस्ती’ हा शब्द

भारतात सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, पहिली नोंद 1952 ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. पुढची कित्येक वर्षे रक्त चढवणे आणि वेदनाशामके, नंतर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, एवढाच आधार होता. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि महिन्याभरात अमेरिकेने क्रिस्पर, म्हणजे जनुक ठरावीक जागी कापणारी रेणूंची कात्री, वापरणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. तेव्हापासून ‘सदोष जनुक दुरुस्त होते’ असे सर्रास म्हटले जाते. ते चूक आहे, आणि या चुकीची किंमत रुग्णाच्या घरात मोजावी लागते.

हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकातले, आजाराचे मूळ असलेले चुकलेले अक्षर या उपचारानंतरही जिथल्या तिथे राहते. कात्री चालते बीसीएल11ए या दुसऱ्याच जनुकावर. गर्भ-हिमोग्लोबिन, म्हणजे बाळ पोटात असतानाचे हिमोग्लोबिन, जन्मानंतर दाबून ठेवण्याचे काम त्याचे. हे 2008 मध्ये कळले. लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत त्याला चालू ठेवणारा जो तुकडा आहे, तो कापतात. पेशी तुटलेली टोके घाईने जोडते, त्यात चार-दोन अक्षरे गळतात किंवा वाढतात आणि तो तुकडा निकामी होतो. मग गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते आणि लाल पेशींना वाकण्यापासून वाचवते. म्हणजे दुरुस्ती नव्हेच. मुद्दाम केलेला बिघाड, आणि तो गुणकारी. मुख्य चाचणीत पुरेसा काळ पाहिलेल्या 31 पैकी 29 रुग्णांना सलग 12 महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही.

पण स्त्रीबीज आणि शुक्राणूंना हात लागलेला नसतो. एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष ‘एस’ जनुक आलेला, रुग्ण ठणठणीत झाला तरी प्रत्येक अपत्याला एस जनुक देणारच. जोडीदार एएस, म्हणजे एकच एस जनुक असलेला वाहक, असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 50 टक्के. ‘दुरुस्त झाले’ असे ऐकलेले कुटुंब लग्नाआधीची रक्तचाचणी टाळेल, ही भीती खरी आहे. 2018 मध्ये चीनमध्ये भ्रूणांवर कात्री चालवली गेली, तो प्रकार वेगळा, तिथला बदल पुढच्या पिढीत उतरू शकतो; दोन्हींना एकच शब्द वापरल्याने गोंधळ वाढला.

उपचारही सोपा नाही. आधी किमान आठ आठवडे रक्त बदलून एस हिमोग्लोबिन 30 टक्क्यांखाली ठेवतात. कात्री शरीराबाहेर चालवायची असल्याने स्टेम सेल, म्हणजे अस्थिमज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या मूळपेशी, गोळा कराव्या लागतात; त्या रक्तात उतरवायला प्लेरिक्साफोर हे औषध देतात. यासाठी नेहमी वापरले जाणारे ग्रोथ फॅक्टर हे औषध टाळतात, कारण त्याने सिकलसेलचा जीवघेणा झटका येऊ शकतो. शेवटी वजनाच्या दर किलोला किमान 30 लाख स्टेम सेल हाती लागतात, तेव्हाच पुढे जाता येते; एका फेरीत तेवढ्या न मिळाल्यास पुन्हा दाखल व्हायचे. मग बसल्फान या केमोथेरपीच्या औषधाने जुना अस्थिमज्जा रिकामा करतात, त्यात वंध्यत्वाचा धोका आहे.

अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. 2025 च्या नोव्हेंबरात देशी क्रिस्पर उपचार जाहीर झाला, तंत्रज्ञान पुण्यातल्या लसनिर्मात्याकडे गेले. गडचिरोली, नंदुरबारमधल्या समुपदेशकांना बसल्फानआधी बीज गोठवण्याविषयी बोलावे लागेल, आणि त्याच बैठकीत हेही सांगावे लागेल की गोठवलेल्या त्या बीजातही एस असतोच.