एजंटसाठीचा टेस्ट-शोधक: 'सापडले नाही' या ओळीची पार्श्वभूमी

बाजार समितीतल्या आडत्यांसाठी पट्टीचे (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाचे) सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या सोलापूरच्या टीमने एआय एजंटसाठी, म्हणजे स्वतः कोड लिहिणाऱ्या एआय प्रोग्रामसाठी, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) शोधून देणारे एक टूल केले आहे. टूलचा कोड थोडका आहे. वाद झाला तो त्याच्या डॉक्युमेंटेशनवर, आणि त्यातही एकाच ओळीवर: काहीच सापडले नाही तर टूलने काय म्हणायचे? टीममध्ये नवा येणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, म्हणून ही नोंद.

मजकुरात शब्द शोधणे जुनेच. १९७३ पासून युनिक्स या संगणक-प्रणालीत असलेला ग्रेप हा शोधक प्रोग्राम काम संपल्यावर एक आकडा परत देतो: सापडले तर ०, सापडले नाही तर १, शोधच बिघडला तर २. १९९७ मध्ये जावा भाषेतल्या टेस्ट चालवणारे जेयुनिट आले आणि टेस्ट तिच्या नावावरून ओळखायची सवय लागली. पायथन भाषेतल्या टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टला एकही टेस्ट मिळाली नाही तर तो ५ देतो. म्हणजे 'नाही' आणि 'बिघडले' यांतला फरक जुन्या टूलांनी नीट जपला होता. एजंट मात्र आउटपुट लांबेल म्हणून ते 'हेड'कडे, म्हणजे पहिल्या काही ओळीच दाखवणाऱ्या आज्ञेकडे, पाठवतो. मग साधारणपणे हाती येतो तो हेडचा आकडा, ०. समोर कोरी जागा आणि आकडा 'सगळे ठीक'.

२०२३ च्या जूनपासून एआय मॉडेलला फंक्शन बोलावता येऊ लागले, नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याची सामायिक पद्धत) आले आणि डॉक्युमेंटेशनची जागाच बदलली. टूलचे नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा मॉडेलसमोर ठेवला जातो. कोणते टूल वापरायचे हे मॉडेल त्यावरून ठरवते. माणसांसाठी माहिती लिहिलेली रीडमी फाइल ते उघडेलच याची खात्री नाही. एमसीपीच्या उत्तरात 'चूक झाली' असे सांगणारी खूण असते, पण शून्य निकाल ही चूक नव्हे. त्यामुळे सगळा भार उत्तरातल्या शब्दांवर येतो.

आता इथला कोड. 'आडत' (आडत्याचे कमिशन) हा शब्द टेस्टच्या नावांत रोमन लिपीत लिहिलेला आहे, आणि तो कुठे एका 'ए'ने सुरू होतो, कुठे दोन. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक सहकाऱ्यांनी 'त'साठी 'टी'पुढे 'एच' लावला, कारण तेलुगू रोमनमध्ये लिहिण्याची रीतच ती. कोणीच चुकलेले नाही. काही टेस्टमध्ये 'कमिशन' आहे, काहींत 'दलाली'. त्यातच जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम आला. कांद्याच्या पट्टीचे हिशेब पालटले, टेस्ट नव्याने लिहिल्या गेल्या, नावे मात्र जुनीच राहिली.

मग जे व्हायचे तेच झाले. कांदा पट्टीच्या कामात एजंटने 'कमिशन' शोधले. टूल म्हणाले: 'शून्य टेस्ट.' एजंटने नवी टेस्ट लिहिली, त्यात हमाली-तोलाईबरोबर आडतही शेतकऱ्याच्या रकमेतून वजा केली, आणि ती पास व्हावी म्हणून बरोबर असलेला कोड बदलला. पट्टीतून आडत कापायची नाही हे तपासणारी टेस्ट शेजारच्याच फोल्डरमध्ये होती, दोन 'ए'वाल्या नावाने. एजंटने ती चालवलीच नव्हती. रिव्ह्यूत हे पकडले गेले म्हणून निभावले. पट्टी छापून गेली असती तर पैसे शेतकऱ्याचे कमी झाले असते.

त्यानंतर दोन मते पडली. एका बाजूचे म्हणणे, उत्तर छोटेच ठेवा: प्रत्येक जादा शब्द एजंटच्या कॉन्टेक्स्टमधली (एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरातली) जागा खातो आणि 'दुसरे शब्द वापरून पाहा' म्हटले की तो शोधतच बसतो. ही भीती खरी आहे, तसे होताना दिसलेही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, 'शून्य टेस्ट' हे वाक्यच खोटे आहे. टूलला माहीत असते ते एवढेच, की या फोल्डरांत, या स्पेलिंगने काही मिळाले नाही. टेस्ट नाहीच असे ते सांगू शकत नाही, आणि ऐकणारा लगेच कोड लिहायला बसणार असेल तर हा फरक गाळणे परवडत नाही. शब्दांच्या अर्थाचे आकड्यांत रूपांतर करून अर्थावरून शोधणारा, एम्बेडिंगचा मार्गही सुचवला गेला. पण तोलाई, हमाली आणि आडत ही तिन्ही वजावटीच असल्याने त्याच्या निकालांत एकमेकींत मिसळत, आणि इथे नेमकी तीच वेगळी काढायची असतात.

दुसरी बाजू टिकली, आणि टिकायलाच हवी होती. आता रिकामे उत्तर असे येते: 'या शब्दाने टेस्ट सापडली नाही. टेस्ट अस्तित्वात नाही असा याचा अर्थ नाही.' पुढे तपासलेले फोल्डर आणि शब्दसूचीतले जास्तीत जास्त दोन पर्यायी शब्द. दोनच, हे पहिल्या बाजूचे मानलेले म्हणणे. तेही संपले तर नवी टेस्ट लिहिण्याआधी माणसाला विचारायचे, हे टूलच्या वर्णनातच आहे.

देवनागरीचा भाग नंतर जोडला. 'शेतकऱ्याची' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या 'र'ला हलंत देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे, आत वेगळे, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण (सारख्या अक्षरांना एकाच रूपात आणण्याची रीत) त्यांना एक करत नाही. शिवाय पायटेस्ट मूळ सेटिंगमध्ये पॅरामीटरच्या ओळखीतली (एकच टेस्ट वेगवेगळ्या माहितीवर चालवताना प्रत्येक वेळेला दिलेल्या नावातली) देवनागरी अक्षरे तशी न ठेवता त्यांचे सांकेतिक आकडे दाखवतो, म्हणजे मराठी शब्दाने शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. टेस्टच्या नावांची सूची तयार होतानाच टूल आता हे दोन्ही सरळ करून घेते. २०१६ पूर्वीच्या हिशेबाच्या टेस्टवर वेगळी खूण लावायचे काम मात्र अजून चालू आहे. ते होईपर्यंत आडतीच्या प्रत्येक निकालासोबत टूल फाइलमधली नियमाची तारीखही दाखवते.